फळ्यावरची पाखरं

दामूभाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात चार जण बोलले. दामूभाऊ म्हणजे शांत माणूस, पाखरांत रमणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असं चौघांनीही सांगितलं. मी शेवटच्या रांगेत बसून दातओठ खात होतो. शांत? अहो, पहिल्या भेटीत त्या माणसाचा हात माझ्या कॉलरला होता! महिना झाला त्यांना जाऊन. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून त्यांच्या मुलीचा, संघमित्राचा फोन आला. "सर, बाबा गेले," एवढंच ती बोलली. मी हाताशी होती ती खुर्ची उचलून भिंतीवर आपटली. खुर्चीचा पाय अजून मोडकाच आहे.

लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी चित्रकला शिकवायचो. बारा वर्षांपूर्वी एकदा तलावाच्या पाळीवर कागद घेऊन बसलो होतो. समोर कमळपक्षी पानावर उभा. मला त्याचे उघडे पंख काढायचे होते, म्हणून मी खडा मारला. मागे धाडकन सायकल पडल्याचा आवाज झाला आणि कोणीतरी मला कॉलर धरून उभं केलं. "काहून जी मास्तर? तुमच्या घरात कोनी गोटा हानला तं तुमी पंख पसरान का?" ओढाताणीत माझ्या शर्टाचं बटण तुटलं. ते त्यांनीच गवतातून शोधून माझ्या हातावर ठेवलं आणि शिव्या देत निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल घेऊन दारात हजर! "चला, दाखवतो. गोटा न हानता."

दामूभाऊ एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावरही तिकिटाला भोकं पाडायचा जुना चिमटा त्यांच्या खिशात असायचा. सायकलवरून ते पुढे, मी मागे. चिमटा एकदा वाजला की थांबायचं, दोनदा वाजला की निघायचं. घंटी वाजवायची नाही, पाखरं उडतात. वेग इतका कमी, की वाटेत बैलगाड्या आम्हाला मागे टाकायच्या. पाच कोसांवरच्या तलावाला जायला अर्धा दिवस लागायचा आणि त्यात माझी दोनदा खरडपट्टी निघायची. नोकरीत असताना एका प्रवाशानं जिवंत तितरं पाय बांधून पिशवीत कोंबून आणली होती. दामूभाऊंनी बस थांबवली, पिशवी बांधावर रिकामी केली आणि त्या माणसालाही खाली ढकललं. त्यासाठी साहेबांची बोलणी खाल्ली. "अजून दोन द्यायले पायजे होत्या त्याले," असं ते वीस वर्षांनीही म्हणायचे. असा हा शांत माणूस.

चौकात विहाराजवळ काळा फळा आहे. त्यावर कोणाचं लग्न, कुठे शिबिर, कोण वारलं, असं लिहिलेलं असतं. रोज तलावावर काय दिसलं तेही तिथे लिहावं, ही कल्पना माझी. फक्त माझी. दामूभाऊ कडाडले होते, "कायले? आपन पाह्यलं, झालं. गावाले कायले सांगता?" मी ऐकलं नाही. गावाला कळलं तर गाव जपेल, असं मोठ्या तोंडानं सांगितलं. खरं सांगू? माझं अक्षर सुंदर आहे. लोक चहा पिता पिता फळा वाचायचे, "सर, आज चक्रवाक वाढले जी!" म्हणायचे आणि माझी छाती फुगायची. दोन हिवाळे मी लिहिलं. आकडा दामूभाऊ सांगायचे. एकदा मी एक चक्रवाक जास्तीचा लिहिला, तर त्यांनी हातातला खडू हिसकावून पायाखाली चुरडला.

यंदाच्या हिवाळ्यात मी फळ्यावर लिहिलं: अडई तीनशे, चक्रवाक चाळीस, उत्तरेकडच्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाळीवर पोचलो तेव्हा उत्तरेकडचं पाणी फडफडत होतं. अडया, ती शीळ घालणारी छोटी रानबदकं, पाठीवर उलट्या होऊन पाय झाडत होत्या. काठावर विषारी औषध लावलेलं धान सांडलेलं. तिघं जण कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एकेकीची मान पिरगाळत पोत्यात भरत होते. त्याच पुढे कोणाच्या तरी ताटात जाणार होत्या! दामूभाऊंनी सायकल फेकली, तिचा हवेचा पंप उपसला आणि पाण्यात उडी घेतली. पहिल्याचं नाक फुटलं ते मी पाहिलं. पाणी लाल झालं. दुसऱ्याची मानगूट धरून ते ओरडत होते, "कोनं सांगतलं रे तुमाले? कोनं सांगतलं?" तो गुदमरत बोंबलला, "तुमच्याच फळ्यावर तं लिवलं होतं ना! उत्तरेकडचा कोपरा!"

दामूभाऊंचा हात सैल पडला. त्यांनी मान वळवून पाळीवर माझ्याकडे पाहिलं... मी तिथेच उभा होतो. तेवढ्यात तिसऱ्यानं मागून काठी घातली, डोक्यात. मग खांद्यावर, मग पुन्हा डोक्यात. मी ओरडत पाण्यात उतरलो तोवर ते तिघं पोती टाकून पळाले होते. जाता जाता एकानं दगड घालून दामूभाऊंच्या सायकलचं चाक मोडलं. मेलेल्या अडयांच्या मधून मी दामूभाऊंना काखेत धरून ओढत काठावर आणलं. पुढे दोघं सापडले, खटला चालू आहे. सापडले म्हणून काय होतं हो? दामूभाऊ माझ्याकडे पाहायला वळले नसते तर ती काठी त्यांनी चुकवली असती. हे मी पोलिसांना सांगितलं नाही. आज सांगतो आहे.

दवाखान्यात चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. मी वाट पाहत होतो, की आता शिवी देतील, थोबाडीत मारतील. मारायला पाहिजे होतं. ते पुटपुटले, "मास्तर... फळा पुसला का?" मी म्हटलं, "पुसला." खोटं. चार दिवस मी त्यांच्या उशाशीच होतो. मिळेल त्या एसटीनं गावी आलो. चौकात माझं सुबक अक्षर तसंच होतं, अडई तीनशे. तळहातानं खसाखसा पुसलं, हात सोलला. घरी पोचलो आणि फोन वाजला.

मोडकी सायकल संघमित्राकडे आहे. चिमटा तिनं मला दिला. मी पायीच जातो आता, खिशात चिमटा घेऊन. थांबायचं तिथे एकदा वाजवतो, निघताना दोनदा. उरलेल्या अडया आठवडाभर दिसल्या नव्हत्या, मग एकेक करत परत आल्या. काल मी मोजल्या, दीडशेच्या वर भरल्या. चक्रवाक अकरा. तिथून सरळ चौकात आलो, खडू घेतला आणि रोज लिहितो तेच लिहिलं: आज तलावावर काहीच नाही.

चहा पिणाऱ्यांपैकी एक जण हळहळला, "दामूभाऊ गेले आन् पाखरंई गेली का जी सर?"

मी म्हटलं, "हो. गेली."

एका जास्तीच्या चक्रवाकासाठी ज्यांनी माझा खडू चुरडला, त्यांच्यासाठी मी रोज त्याच फळ्यावर खोटं लिहितो.