ब्रुनोचा विमा आणि महादेवभाऊंची पोटरी

आता काय सांगू तुम्हाला! शहाणपणा करायला जावं आणि माती खावी, तसं झालं माझं. घ्या, चहा घ्या, सांगतो.

मुलानं पुण्याहून एक लॅब्राडोर पाठवला, ब्रुनो. सोबत त्याचा विमाही काढून दिला! म्हणजे ब्रुनो कुणाला चावला, तर त्या माणसाच्या दवाखान्याचा खर्च कंपनी देणार. अख्ख्या शेलूबाजार गावात असं कुत्रं दुसरं नाही. मी छाती काढून फिरायचो.

आणि चावला कुणाला? शेजारच्या महादेवभाऊंना! माझ्याहून मोठे, पण रोज सकाळचा चहा आमचा सोबत. बिचारे माझ्यासाठी तुरीच्या शेंगांची थैली घेऊन फाटकातून आत आले आणि ब्रुनोनं पोटरी धरली.

आपल्याकडे अशा वेळी काय करतात? कुत्र्याला एक रट्टा, आणि माणसाला गाडीवर बसवून थेट दवाखाना. मी काय केलं? कंपनीला फोन लावला!

तिकडचा साहेब म्हणाला, "चूक कबूल करू नका. माफी मागितली तर दावा नामंजूर होऊ शकतो."

झालं! मी बाहेर आलो. भाऊ पोटरी धरून ओट्यावर बसलेले.

"भाऊ, इथं काहीतरी घटना घडलेली दिसते."

"दिसते? अबे, तुह्या कुत्र्यानं चावलं ना मले!"

"ते चौकशीत ठरन, भाऊ."

भाऊ लंगडत उठले आणि ऑटोत बसून एकटेच सुई घ्यायला गेले. आणि मी? गाडीची किल्ली खिशात ठेवून उभा! आता आठवलं तरी मान खाली जाते हो.

पण अक्कल आली का? छे! भाऊ काही मागेनात. साहेब म्हणे, त्यांची पोलिसात तक्रार असल्याशिवाय आम्ही काही देऊ शकत नाही. मग मी भाऊंच्या भल्यासाठीच त्यांच्या घरी गेलो.

"भाऊ, तुमी माह्यावर पोलिसात तक्रार करा. बिनधास्त करा!"

मला म्हणायचं होतं की तक्रार केली म्हणजे खर्च मिळेल. पण आपल्याकडे 'जा पोलिसात' कधी म्हणतात, सांगा बरं?

भाऊ ताडकन उठले. "मले चॅलेंज देऊन राह्यला का? चाल, निंघ!"

चहा बंद. बोलणं बंद. सकाळ झाली की घर खायला उठायचं.

परवा ब्रुनो सुटला. शोधत गेलो, तर भाऊंच्या अंगणात त्यांच्या पायावर डोकं ठेवून पडलेला, आणि भाऊ त्याला भाकर चारताहेत! मला राहवलं नाही. म्हटलं, गेली खड्ड्यात ती पॉलिसी.

"भाऊ, चुकलं माहं. माफ करा. आमच्या ब्रुनोलेही माफ करा."

भाऊंनी वर बघितलंसुद्धा नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "याले तं म्या त्याच दिवशी माफ केलं, बापू. याले बोलता येत नाई. तुले तं येत होतं."