दुधाणी म्हणून आणलेला पाला

नात मिरजेच्या दवाखान्यातून बाळाला घेऊन घरी आली, पण तिला अंगावरचं दूध कमी पडत होतं. चहा देता देता बायको म्हणाली, "आवं, माळावरनं जरा दुधाणी आणा. काढा करून देते पोरीला."

आमच्या वडूजच्या बाजूला ज्या झाडाला पांढरा चीक असतो, ते दूध वाढवतं असं मानतात. शेळीला त्याचा पाला, बाळंतिणीला काढा. आणि मला झाडपाल्यातलं कळतं, असा घरात समज आहे. मी कप तसाच खाली ठेवला.

दोन वर्षांपूर्वी आमची शेळी व्याली. करडांना तिचं दूध पुरेना, म्हणून तेव्हाही मीच माळावर गेलो होतो. पाऊस सरला की तिथे चिकाची दोन रोपं शेजारीशेजारी उगवतात आणि उन्हाळ्याच्या आत दोन्ही वाळून जातात. दुधाणी जमिनीलगत पसरते. तिच्या देठावर बारीक लव असते, पानांच्या बगलेत खसखशीएवढ्या फुलांचे झुबके. दुसरं रोप ताठ आणि गुळगुळीत, त्याची हिरवट-पिवळी फुलं शेंड्याला. हा फरक मी नंतर जाऊन पाहिला. त्या दिवशी चष्मा घरी होता. देठ मोडला, चीक आला, तेवढ्यावर भारा बांधला.

संध्याकाळी शेळीच्या तोंडाला फेस आला. सकाळी ती मेलेली होती.

आदल्याच दिवशी शेजारची वहिनी, एकटी राहणारी विधवा बाई, अंगणात म्हणाली होती, "शेळी कशी तुकतुकीत दिसतीया." बायकोला तेवढं पुरलं. हिचीच नजर लागली, असं गल्लीभर झालं. वहिनी दिसली की बायका पोरांवर पदर ओढायला लागल्या. उरलेला पाला मी उकिरड्यात पुरला आणि गप्प राहिलो.

आता पुन्हा माळावर गेलो. चष्मा होता. दोन्ही रोपं ओळखूही आली. तरी देठावर बोट फिरवताना वाटत होतं, ही लव आहे की नुसती धूळ? काढा नातीच्या पोटात जाणार, तिच्यातून बाळाच्या. रिकाम्या हाताने परतलो.

"घावली न्हाई व्हय?" बायकोने विचारलं.

"घावली. पण शेळी माझ्या पाल्यानं मेली गं. वहिनीच्या नजरेनं न्हाई."

"दोन वरीस माझ्या तोंडानं त्या बाईला बोल लावू दिला तुमी," ती म्हणाली. मग म्हणाली, "पोरीला डॉक्टरांकडं न्या. आन् वहिनीला बारशाचं आवतान तुमीच द्या. मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

वहिनी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"गल्लीत सांगितलंसा का, भावजी?"

"बारशाला सांगतो. सगळ्यांम्होरं."

"मग येते. पाळण्याजवळ मातूर येणार न्हाई. तुमचं ऐकून बायका पदर सोडत्यात का, तेवढं दारातनं बघते."

बारसं परवा आहे. सगळ्यांपुढे उभा राहिल्यावर माझी जीभ वळेल याचा मला भरवसा नाही, म्हणून हे आधी लिहून बायकोच्या हाती देतो आहे. मी अडखळलो, तर तिने वाचून दाखवावं.