मी तिला भांडकुदळ म्हणाले

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. चौथीपर्यंत शिकले, लिहिता येतं – म्हणून लिहिते. बोलायची हिंमत तेव्हा नव्हती, आजही नाही.

सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. गिरणीच्या चाळीत आमची खोली, शेजारी सुंदराची. मध्ये नुसता पत्रा. तिचा नवरा पैलवान. कुस्ती मारून आला की चाळ त्याला खांद्यावर घ्यायची. मीही ओवाळलंय त्याला. आखाड्यात माणूस फार सभ्य – समोरच्याची पाठ मातीला लागली की सोडायचा, हात देऊन उठवायचा. घरी सुंदराची पाठ लागल्यावर तो सोडत नसे. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की तो घरी यायचा, आणि पत्र्याआडून सगळं ऐकू यायचं. ऐकायचं नाही म्हटलं तरी जाणार कुठे? दार एकच, तेही तिच्या दाराला लागून.

सुंदराचं तोंड मोठं, असं चाळ म्हणायची. कशावरून? मला सातवा महिना होता. नळावर बायका मला मागे ढकलत होत्या. सुंदरा पदर खोचून पुढे झाली. "पोटुशी बाई उन्हात हुबी हाय, दिसत न्हाय व्हय गं? डोळं चुलीत घातलं का?" हंडे आपटले, झिंज्या धरल्या. माझी घागर भरली. ती भांडकुदळ ठरली. पुरुष लढला की त्याला फेटा. पुढल्या साली पोरं पोलिसांपुढे उभी राहिली, त्याला लढा म्हणाले. बाईचं ते भांडणच.

मग तिचा भाऊ करकंबहून आला, तिला आणि तिच्या लेकीला न्यायला. जातीचे पंच चाळीपुढे बसले. त्यांचं म्हणणं – नवरा एकटाच मारत असेल तर भावानं न्यावी. दोघं भांडत असतील तर घरातलं घरात मिटवावं. साक्षीला पत्र्याअलीकडची मी.

"पोरी, खरं सांग," म्हातारा पंच म्हणाला. "त्यो मारतो, का दोगं भांडत्यात?"

सुंदरा माझ्याकडे बघत होती. अगदी निर्धास्त. माझा नवरा पैलवानाशेजारी विडी ओढत बसलेला. त्यानं मला दटावलं का? नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचा हातही माझ्यावर उठायचा. तिच्या घरात होतं त्याला मार म्हटलं असतं, तर माझ्या घरातल्याला काय म्हणायचं? – पण हे मी नंतर जुळवलं. तेव्हा नुसती भ्याले.

"दोगंबी भांडत्यात," मी म्हणाले.

एवढ्यानं भागलं असतं. तरी पुढे बोलले – "तीच भांडकुदळ हाय. नळावर कुणालाबी इचारा की."

बायका हसल्या. भाऊ पागोटं उचलून एकटाच गेला.

पुढे नऊ वर्षं आम्ही तिथेच होतो. मार थांबला नाही. पत्र्यापलीकडून सुंदराचा आवाज मात्र पुन्हा कधी आला नाही. माझ्याशी ती वाकडी वागली नाही. दारात वाट अडली की "सरा वयनी," म्हणायची, एवढंच.

तिची लेक मोठी झाली. एकदा अंगणात कुणीतरी तिची वेणी ओढली, तशी पोर अंगावर धावून गेली. सुंदरानं पळत येऊन तिच्या तोंडावर हात दाबला. "गप," म्हणाली, "भांडायचं न्हाय." मी दारात जोंधळे पाखडत होते. मान वर केली नाही.