भावाच्या घरचं दूध

मगनआप्पांच्या घरून रोज सकाळी दुधाचा तांब्या येई. गोविंदनाना तो दोन्ही हातांनी घेत, नाकाशी नेऊन डोळे मिटून वास घेत आणि मग अंगणात वाटी धरून बसलेल्या शेतावरच्या रूमा भिलाच्या पोरीला सगळं ओतून देत. मी शेजारी राहत होतो. आमच्या ब्राह्मणपुरी गावात दूध नाकारणं म्हणजे भांडण काढणं. पण नानांनी सख्ख्या धाकट्या भावाचं दूध नाकारलं, आणि तरी तांब्या रोज येतच राहिला.

सुरुवात नानांच्या हाडांपासून झाली. आधी कंबर दुखू लागली, मग पाय. अंगाला खाज इतकी सुटे की मक्याचं रिकामं कणीस उशाशी ठेवून ते पाठ खाजवत. एकदा खोकताना बरगडी मोडली. गावानं एकच इलाज सांगितला: दूध, तूप, तीळ. नानांनी ते मनापासून केलं आणि दुखणं वाढलं. शेवटी चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, की मूळ दुखणं हाडांचं नव्हे, मूत्रपिंडांचं आहे. ती निकामी होत आली होती. डॉक्टरांनी समजावलं, "दुधाडाळीतला फॉस्फरस यांच्या शरीराबाहेर जात नाही. रक्तात साठतो आणि हाडांतला चुना ओढून नेतो. दूध जितकं जास्त, तितकी हाडं पोकळ." जेवणाबरोबर घ्यायला खडूसारखं पांढरं औषध दिलं. किती जगतील, ते सांगता येत नाही म्हणाले.

मगनआप्पांना हे पटेना. "हाडके ठिसूळ व्हई ग्यात आन् दूध पेवाले नको? कोनता डॉक्टर असं सांगस, भाऊ?"

"दूध तुन्हं गोडच शे, मगन," नाना म्हणत. "पन मन्हा हाडकासले ते खाई टाकस."

नानांना जगायचं होतं ते एका साक्षीसाठी. मगनआप्पांच्या वाटणीची नदीकाठची जमीन रूमा भील कितीतरी वर्षं कसत होता. कसणाऱ्या कुळाला जमीन देणारा कूळकायदा आला तसे आप्पा म्हणू लागले, रूमा तर आमचा सालदार, पगारी गडी. रूमा अर्धेलीनं, निम्म्या पिकाच्या वाट्यावर जमीन कसतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. प्रकरण शहाद्याच्या कचेरीत गेलं, पण साक्ष द्यायला गावातला कोणी तयार नव्हता. नाना तयार झाले. दर वर्षी खळ्यावर धान्याची रास निम्मी होताना मापाची पायली त्यांच्याच हातात असे. आप्पांच्या वकिलाला फक्त तारखा वाढवत न्यायच्या होत्या. बाकीचं काम दुखणं करणार होतं.

नानांना हे समजत नव्हतं असं नाही. "त्याना वकील तारीख लेस, मी औषध लेस," ते हसत म्हणत. "दखूत, कोन आगोदर थकस."

त्या वेळी मी शहाद्याहून कुळांच्या हक्कांची पत्रकं छापून आणायचो. एक वाचून दाखवलं तेव्हा नाना म्हणाले, "बराबर लिखं. पन तुन्हा पत्रकमा मगन राक्षस शे. मन्हा घरमा तो भाऊ शे."

"मग साक्ष कशाला देता?"

"भाऊ शे म्हनीसनच. परका राहता तर माले काय पडेल व्हती?"

हे माझ्या एकाही पत्रकात बसेना.

माघात पक्की तारीख लागली. शहाद्याच्या रस्त्यावर बैलगाडीच्या धक्क्यानं नानांचं एखादं हाड मोडणार, याची आम्हाला धास्ती होती. पहाटे दारात गाडी आली. बैल आप्पांचे, आणि गाडीत काठोकाठ भरलेला कापूसही आप्पांचाच. हाकायला ते स्वतः बसले होते.

"माले कचेरीमा हाराडाले चालना तू," आप्पा म्हणाले. "पन वाटमा मरू नको."

नाना कापसात गळ्यापर्यंत बुडून बसले. "बैल हळू चालाड," ते म्हणाले. "नही तर लोक म्हनतीन, साक्षीदारले मारी टाकं."

कचेरीत वकिलानं टोमणा मारला, "सख्ख्या भावाविरुद्ध बोलता?"

"भावना इरुद्ध नही. खळामा जे दखेल शे ते सांगस." मग नाना साहेबांकडे वळले. "सालदारले ठरेल पगार भेटस, साहेब. रूमाले निम्मी रास भेटे. पायली मन्हा हातमा ऱ्हाये."

दाराशी उभे असलेले आप्पा मान खाली घालून ऐकत होते. रूमा दूर झाडाखाली बसला होता.

पावसाळ्यानंतर जमीन रूमाच्या नावावर झाली. नाना त्याआधीच, अखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर गेले. मी त्यावरही पत्रक काढलं. पण नाना म्हटलं की मला आठवते ती त्या दिवशीची परतीची वाट.

गोमाई नदीच्या काठावर आप्पांनी बैल सोडले. मग गाडीच्या पुढच्या बाजूला फडक्यात बांधलेला तांब्या नानांना दिसला. आप्पांनी तो सवयीनंच बरोबर घेतला होता.

"दे मगन," नाना म्हणाले. "साक्ष व्हई गयी."

"डॉक्टर नको सांगस ना?"

"दे."

आप्पांनी त्यांची मान हलकेच उचलून धरली आणि तांब्या ओठांना लावला. नाना सावकाश, घोट घोट प्याले. मिशीवर साय लागली ती आप्पांनी आपल्या उपरण्यानं पुसली, आणि तांब्यात उरलेलं दूध ते स्वतः प्याले.