चुलीप्रमाणे डिझेल

काशिनाथआप्पांना कुणी म्हटलं, "आप्पा, चहा ल्या ना," की ते आधी विचारायचे, "कोन्ता कायदाखाल, भो?" मग चहा प्यायचे. पानाला विचारलं तरी तेच, मुलीच्या लग्नाला बोलावलं तरी तेच. मी ही नक्कल गावात इतक्या वेळा केली होती की पोरं आप्पांना सोडून मलाच विचारायची, "दिनूभाऊ, आप्पा करी दाखाड ना." डावी भुवई वर न्यायची, धोतराचा सोगा खांद्यावर टाकायचा, आणि नाकातून बोलायचं. आप्पांनी एकदा मला करताना पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "भुवई उजवी शे, बेटा."

आमचं गाव चोपड्याच्या वरच्या अंगाला. आप्पा सोसायटीचे सेक्रेटरी. खत, बियाणं, रॉकेल, डिझेल, सगळ्याच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. शाळा चौथीपर्यंत. पण धुळ्याला एका वकिलाच्या रद्दीतून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी बुक उचलून आणलं होतं. त्यात विजेचे, तेलाचे, वायूचे, सगळे कायदे एकत्र शिवलेले. आप्पांना इंग्रजीतले आकडे तेवढे यायचे. म्हणून ते कलमांचे नंबर पाठ करायचे आणि मजकूर कुणाकडून तरी वाचून घ्यायचे. मी अमळनेरच्या कॉलेजात एक वर्ष काढून नापास होऊन परत आलो, तेव्हापासून तो 'कुणीतरी' मी झालो. "तू वाच. तुले इंग्रजी येस." आता मला येत होतं ते क्रिकेटच्या कॉमेंट्रीतलं. पण नाही म्हणायला तोंड लागतं, आणि माझं तोंड नेहमी दुसऱ्याच कामात असायचं.

त्या बुकानं आम्हा दोघांच्या डोक्याचा भुगा केला. गावात विजेचे खांब येऊन दोन वर्षं झाली होती, तारा यायच्या होत्या. बाया दोन खांबांना दोरी बांधून गोधड्या वाळत घालायच्या. आप्पा दुपारचे छत्री घेऊन उभे राहायचे. "काढा त्या गोधड्या. हाई सरकारनं विजेनं काम शे."

"आप्पा, वीज कुठे शे पन?" बाया हसायच्या.

आप्पा माझ्याकडे यायचे. "दिनू, वीज नसताना विजेचा गुन्हा होतो का रे? बघ बरं." मी बघायचो. कायद्यात 'खांब' सापडायचा, 'तार' सापडायची, गोधडी कुठेच नाही.

वायूचं तर विचारूच नका. एका शेतकऱ्यानं शेणाचा गॅस करायचा घाट घातला. आप्पांनी त्याला महिनाभर थांबवलं आणि वर पत्र पाठवलं, की शेणातून निघणारा वायू हा राष्ट्राचा की म्हशीवाल्याचा? उत्तर आलं नाही. मग आप्पांनीच ठरवलं, "म्हैस सरकारजमा होत नही तवलोंग वायू म्हैसवालाना." हा निकाल मला आजही कुठल्याही कोर्टाच्या निकालापेक्षा बरा वाटतो.

अरबांनी तेल महाग केलं त्याच्या पुढचा उन्हाळा. तारा नसल्यामुळे आमच्या विहिरींवर सगळी इंजिनंच. केळीचे घड भरत आलेले, आणि डिझेल कुठेच नाही. आप्पांनी जळगावला आठ दिवस मुक्काम ठोकून पाच पिंपं डिझेल मिळवलं आणि बैलगाड्यांतून आणून गोदामात उभं केलं. गावाच्या शेवटच्या तीन पाण्यांचा तो जीव होता. एवढं पुरलं की घड ट्रकमध्ये चढणार. नाही पुरलं, तर वर्ष गेलं.

दुसऱ्याच दिवशी बातमी आली, की धुळ्याकडे कुठल्याशा गावात विनापरवाना साठवलेली पिंपं जप्त झाली आणि ठेवणाऱ्याला जीपमध्ये घालून नेलं. खरं-खोटं देव जाणे. आप्पा बुक काखेत मारून धावत माझ्या ओट्यावर आले.

"नंबर तोच शे, दिनू. तेल ठेवण्याचा. वाच."

मी वाचलं. एक वाक्य पान उतरून खाली येत होतं, दम लागला. मला समजलं ते इतकंच, की एका माणसाला परवान्याशिवाय अगदी थोडं, डबा-दोन डबे पेट्रोलियम ठेवता येतं.

"आणि पुढल्या पानावर?"

समोर माझी भाकरी वाढून ठेवलेली होती. मी पान न उलटताच म्हणालो, "तेच तेच आहे आप्पा. वकिली घोळ."

आप्पा खाली बसले. त्यांच्या कपाळावरचा घाम मी पहिल्यांदा पाहिला. त्यांच्या नावावर पाच पिंपं होती. "एक मानूस म्हंजे कोन, दिनू? खाणारा की कमावणारा? एकत्र कुटुंबात तेरा तोंडं. ती एक मानूस की तेरा?"

मला काय ठाऊक? पण गावाला ठाऊक होतं. आमच्याकडे देवाचा प्रसाद, लग्नाचं बोलावणं, यात्रेची वर्गणी, सगळं चुलीप्रमाणे चालतं. भाऊ एका वाड्यात राहत असले तरी चूल वेगळी तर माणूस वेगळा. आप्पा उठले आणि पारावर जाऊन जाहीर केलं, "बठ्ठं डिझेल घरोघर वाटी टाका. चुलीप्रमाणे. एक चूल, एक हंडा."

साठ चुली, साठ हंडे. बायका तांब्या-पितळेची भांडी घेऊन आल्या. प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं, कुणावर 'मामाकडून भेट', कुणावर 'तेल-हळद समारंभ'. सोनाअक्का नावाची म्हातारी ओरडली, "ओ आप्पा, मना माहेरना हंडा शे तो! त्यामा डिझेल भरशात?"

"कायद्याचं काम शे, अक्का."

"कायदाले माहेर नसतंस का?"

पण भरलं. आणि मग आप्पांच्या लक्षात आलं, की चुलीप्रमाणे वाटलेलं डिझेल जाऊन बसलंय ते चुलीशेजारीच. लगेच दुसरी दवंडी, कुणी चूल पेटवायची नाही. सगळ्या गावानं शिळी भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. सासूनं चहा मागितला म्हणून दोन घरांत भांडणं झाली.

सकाळी जीप आली. पुरवठ्याचे साहेब आणि एक कारकून. साहेबांनी रजिस्टर मागितलं. रजिस्टरात आप्पांच्या वळणदार अक्षरात पाच पिंपं आल्याची नोंद. साहेबांनी गोदामात जाऊन पिंपांवर टिचकी मारली. पाचही पिंपं ढोलासारखी वाजली.

"सेक्रेटरी, डिझेल कुठे विकलं?"

कायदा मोडू नये म्हणून आप्पांनी जे केलं, त्यानंच ते चोर ठरत होते. "विकलं नाही साहेब. वाटलं."

"कुणाला?"

"चुलींना."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनानं माझ्याकडे, मी छताकडे. साहेब म्हणाले, "जीपमध्ये बसा."

आप्पा खरोखरच निघाले हो! चपला घालून. गोदामाची किल्ली कमरेची काढून माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "आज कोनी इंजिन बंद ठेवू नका. मी नसलो तरी पाणी देऊन घ्या."

तेव्हा माझे पाय हलले. मी गल्लीतून पळत सुटलो आणि नेहमी ज्या आवाजात नकला करायचो त्याच आवाजात, पण खरं खरं ओरडलो, "हंडे आना! आप्पाले जीपमा लई चालनात!"

अर्ध्या तासात रांग लागली. डोक्यावर हंडे, घागरी, एक तर जावयाचा पानाचा मोठा डबा. साहेबांनी आधी पंचनामा लिहायला घेतला. कारकून एकेक भांडं वाचायचा, "तांब्याचा हंडा एक, त्यावर 'चि. सौ. कां. हिस आत्याकडून'..." अकराव्या हंड्याला साहेबांनी कपाळ धरलं. "हे आत्याबित्या लिहू नका. परत पिंपात ओता सगळं. मी पिंपं मोजतो."

ओतलं. चार पिंपं काठोकाठ. पाचवं चार बोटं कमी. साहेब तसे बरे होते, सकाळपासून उन्हात उभे. म्हणाले, "जाऊ द्या. उन्हानं उडालं असं लिहितो."

यावर कुठल्याही शहाण्या माणसानं मान डोलावली असती. आप्पा म्हणाले, "नाही साहेब. डिझेल उडत नाही. उडतं ते पेट्रोल."

साहेब थांबले. "हे तुम्हाला कळतं?"

"इंजिनं हाकतो साहेब आम्ही."

"मग तेच कायद्यालाही कळतं. उडणाऱ्याला वेगळा नियम, न उडणाऱ्याला वेगळा. द्या ते काखेतलं बुक." साहेबांनी बुक घेतलं, कलम काढलं, आणि पान उलटलं. फक्त एक पान. "हे बघा. डिझेलसारखं जड तेल. पाच पिंपांना परवानाच लागत नाही. पहिलं पान वाचलं, दुसरं कोण वाचणार होतं?"

साठ बायका रिकामे हंडे खाली ठेवून ऐकत होत्या. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग साहेबांना म्हणाले, "मीच वाचलं. पुढलं राहून गेलं."

"इंग्रजी येतं तुम्हाला?"

"येतं थोडं."

"वाचा बरं, काय लिहिलंय इथे."

आप्पांनी बुक डोळ्यांजवळ नेलं. कलमाचा नंबर वाचला. मग पोटकलमाचा नंबर वाचला. मग पानाचा नंबर वाचला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी पुढे होऊन सांगायला हवं होतं. आयुष्यभर नको तिथे बोलत आलेला मी तिथे उभा राहिलो आणि माझ्या तोंडून आवाज निघाला नाही.

तेवढ्यात सोनाअक्का पुढे आली. "साहेब, ते चार बोटं मी लिधं. गुडघासले चोळं. घरमा आपसूक आयं, मले वाटनं औषधच शे." सगळे हसले, साहेबही हसले. जीप आप्पांना न घेता गेली.

जाण्याआधी साहेबांनी रजिस्टरात लाल शाईनं शेरा मारला आणि आप्पांपुढे सहीला सरकवला.

त्या दिवशी सगळ्या विहिरींवर इंजिनं चालू झाली. मी गोदामात गेलो. आप्पा राखेनं हंडे घासत होते, नाव वाचून वेगळे लावत होते. मी म्हणालो, "आप्पा, ते पान..."

"हाऊ हंडा सोनाअक्काना शे. देई ये," आप्पा म्हणाले. "आणि गुडघ्याला फरक पडला का ते इचारी ये."

केळी ट्रकमध्ये चढली. पुढे कित्येक महिने गावातल्या पाण्याला, वरणाला डिझेलचा वास येत होता आणि बाया आप्पांच्या नावानं बोटं मोडत होत्या. त्यांनी त्याच वर्षी सेक्रेटरीपण सोडलं, मुलीकडे धुळ्याला गेले आणि दोन वर्षांनी तिथेच वारले. कळलं ते पोस्टकार्डानं, दहावं होऊन गेल्यावर.

आता सोसायटीच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. परवा जुनं रजिस्टर हाताला लागलं. लाल शाई फिकी झालीय पण वाचता येते. 'सेक्रेटरी यांनी कायद्याचे वाचन अर्धवट व निष्काळजीपणे केले.' त्याखाली वळणदार अक्षरात 'मान्य', आणि सही आप्पांची.