कातरणीच्या दिवशी घळीत

आमच्या घरात वडील आणि थोरला भाऊ एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत. एकाच पंगतीत बसलेले असताना वडील माझ्याकडे बघून म्हणत, "त्याला इचार, उसाला पानी दिलं का." भाऊही माझ्याकडेच बघून सांगे, "दिलं म्हणावं." निरोप पोहोचवायची गरज नसे, दोघांनाही सगळं ऐकू येई. फक्त मी तिथं असावं लागे. मी बाहेर गेलो की घरात आवाज राहायचा तो भांड्यांचा.

कारण जुनं होतं. वडलांचा धाकटा भाऊ मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, गेला तो परत आलाच नाही. इस्लामपूरकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत होता, पण आपल्या घरातून पुन्हा कुणी जायचं नाही, असं वडलांनी ठरवून टाकलं होतं. थोरला न सांगता भरती झाला आणि त्या दिवसापासून बोलणं बंद.

चीनशी लढाई होऊन वर्ष झालं होतं. भाऊ सुट्टीवर आला होता आणि सुट्टी संपत आली होती. मिरजेहून रात्रीच्या गाडीनं तो निघणार, वडील त्याला पोचवायला येणार, आणि मी स्टेशनवर हजर असणार, हे न बोलता ठरलेलं होतं. दोघांना फलाटावर तासभर नुसतं उभं ठेवणं मला बरं दिसत नव्हतं. पुन्हा सीमेवर जायचं होतं त्याला.

आणि नेमक्या त्याच दिवशी मी आटपाडीच्या पलीकडं एका कोरड्या घळीत अडकलो.

मी तेव्हा मिरजेजवळच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात शिकवायला नवा होतो. नोकरी कायम व्हायची होती, आणि ती कायम करणं ज्यांच्या हातात होतं त्या विभागप्रमुखांना एका जुन्या खाणीचा शोध लागला होता. कोणे एके काळी कुण्या साहेबानं तांबं मिळेल म्हणून त्या घळीच्या टोकाला खणलं होतं, मजुरांची वस्ती बसवली होती आणि काहीच न मिळाल्यानं तो निघून गेला होता. शोध लागला म्हणजे काय, तर तिथल्या गावातल्या प्रत्येकाला ती जागा ठाऊक होती. सरांना ती आता कळली. "संशोधन मोहीम" असं लिहिलेला कापडी फलक त्यांनी करून घेतला. तो धरायला दोन विद्यार्थी आणि टाळ्यांना मी.

दुपारची एस्टी धरून मी परत जाणार, हे सरांना आधीच सांगितलं होतं. "अर्थातच," ते म्हणाले होते.

घळीच्या तोंडाशी एक म्हातारा धनगर कातरीला धार लावत बसला होता. आम्हाला आत जाताना बघून म्हणाला, "आवं, वर जायाचं तर बिगीनं परता. आज कातरण हाय."

सर न थांबता म्हणाले, "आम्ही संशोधनासाठी आलो आहोत."

"मंग ऱ्हावा की," म्हातारा म्हणाला.

घळ लांब आणि अरुंद. दोन्ही बाजूंना मुरमाचे उभे कडे, मधे वाळू, कुठं कुठं निवडुंग. थंडीचे दिवस असून पाण्याचा थेंब नव्हता, सावलीत मात्र बोटं आखडत होती. टोकाला वस्तीचे अवशेष होते: गुडघाभर उंचीच्या भिंती, एका कोपऱ्यात काळे पडलेले चुलीचे दगड, फुटक्या जात्याची तळी. खाण म्हणजे मातीनं बुजत आलेला एक खड्डा. त्या चुलीपाशी मी जरा थांबलो. इतक्या लांब येऊन, काही मिळत नाही हे कळल्यावरही, रोज संध्याकाळी इथं कुणी तरी भाकरी थापली असेल. तेवढ्यात फलक लागला आणि सर बोलायला उभे राहिले.

श्रोते तिघं. सर "उपस्थित सज्जनहो"पासून निघाले. तांब्यावरून सातवाहनांकडे गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले. खालून मेंढरांचा आवाज येत होता. मी दोनदा घड्याळ पाहिलं, तेव्हा त्यांनी आवाज चढवला.

परत निघालो आणि वळणावर थबकलो. भिंतीपासून भिंतीपर्यंत मेंढरं. मधे पाय ठेवायला जागा नाही. पलीकडं तोंडाशी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं, त्याच्या फटीपाशी आसपासच्या वाड्यांवरचे धनगर ओळीनं बसलेले. एकमेकांच्या मेंढ्या कातरायला ते असे जमतात; मजुरी नाही, मटणाचं जेवण. एक मेंढी ओढायची, कातरायची, कुंपणाबाहेर सोडायची.

"आम्हाला जाऊ द्या," मी ओरडलो. "एस्टी चुकंल!"

"सगळी सरल्याबिगर न्हाई उघडत," म्हातारा तिकडून म्हणाला. "मधी शिरला तर बिथरत्याली. हितं मानसांच्या हातात कातऱ्या हायत. आन् कातरलेली, बिनकातरलेली मिसळली तर दीस गेला आमचा."

एका विद्यार्थ्यानं कडा चढायचा प्रयत्न केला. मुरुमासकट खाली आला. सर म्हणाले, "मी महाविद्यालयाचा विभागप्रमुख आहे, हे त्यांना सांगा." मी सांगितलं.

"मेंढरास्नी सांगा," कुणी तरी म्हणालं. सगळी ओळ हसली.

मग मी खरं ते ओरडून सांगितलं. भाऊ फौजेत आहे, आज निघालाय.

हसणं थांबलं. म्हातारा उठून कुंपणापाशी आला. "ह्ये सकाळी का न्हाई बोलला गड्या? कातरण मागं ढकलली आसती. आता धरून दे तिकडनं. लवकर सरंल."

मी बाह्या सरसावल्या. मेंढी पुढच्या पायांना धरून मागल्या पायांवर चालवत न्यायची असते, हे पहिल्या दोन पडल्यावर कळलं. कळप उरकत होता, पण ऊन त्याहून जास्त वेगानं कड्यावर चढत होतं. एस्टीची वेळ मी हातात मेंढीचे पाय असताना गेलेली पाहिली. त्यानंतर डोळ्यांपुढं फक्त मिरजेचा फलाट: दोघं उभे, मधे ट्रंक, एक रुळांकडे बघतोय, दुसरा घड्याळाकडे. असाच गेला आणि काकासारखा गेला तर, हे मनात आलं की मी पुढची मेंढी धरायचो. सर दगडावर बसून टिपणं काढत होते.

कुंपण उघडलं तेव्हा सूर्य बुडाला होता. फाट्यावर एक ट्रक मिळाला. मिरजेला पोचलो तेव्हा फलाट झाडून झाला होता. वडील बाकावर एकटेच बसले होते.

"गेली?"

"गेली की."

मी शेजारी बसलो. मग विचारलं, "काही बोललात त्याच्याशी?"

त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "तू न्हवतास. मंग काय करायचं?"

"काय म्हणालात?"

"म्हनलं, गाडीला गर्दी हाय."

"आणि तो?"

"म्हनला, व्हय, लय हाय."

"एवढंच?"

वडलांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "येवढं कमी हाय व्हय?" ते म्हणाले.

माझ्या अंगाला मेंढरांचा वास मारत होता. त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.