बिनशिक्क्याचा सासरा

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा सात रस्त्यावरच्या आमच्या कट्ट्यावर दोन शर्ट खराब झाले होते. अहो, माणूस परदेशात जाऊन काय काय करतो! मी तिथं जाऊन स्वतःलाच पकडून दिलं.

मी सोलापुरातल्या एका शाळेत तेहेतीस वर्षं क्लार्क. बोनाफाईड असो की दाखला, गोल शिक्का बसल्याशिवाय माझ्या टेबलावरून कागद हलला नाही. शिक्का पुसट उठला म्हणून मी मुख्याध्यापकांचा रजेचा अर्जसुद्धा परत पाठवलाय! तर असा मी, रिटायर झाल्यावर बायकोला घेऊन लेकीकडं सिंगापूरला निघालो. बायको आमच्याच जिल्ह्यातल्या मैंदर्गीची. विमानात पहिल्यांदाच बसली, तरी हवाईसुंदरीला शेंगाचटणी देऊन मोकळी!

मुंबईत पासपोर्टवर धाडकन शिक्का बसला. काय तो आवाज! जीव गार झाला. सिंगापूरला उतरलो तर तिथं माणूसच नाही. काचेचं दार आणि एक यंत्र. पासपोर्ट ठेवा, कॅमेऱ्यात बघा, अंगठा लावा. दार उघडलं. मी आपला तसाच उभा. शिक्का कुठाय?

"अवो, चला की! मागं लोकं खोळंबल्यात," म्हणत पलीकडं गेलेल्या बायकोनं माझा हात धरून ओढलं. दार मागं बंद. आणि मी बिनशिक्क्याचा परदेशात!

आता तुम्हीच सांगा, दाखल्यावर शिक्का नसेल तर पोरगं शाळेत येतं का? मग पासपोर्टवर शिक्का नसेल तर मी कोण? घुसखोर!

जावईबापू न्यायला आलेले. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? घुसखोर सासरा घरात ठेवला म्हणून त्यांची नोकरी गेली तर लेकीचा संसार उघड्यावर. दुसऱ्या दिवशी फिरायला चला म्हणाले. म्हटलं, पाय दुखतोय. तिसऱ्या दिवशी दुसरा पाय. बायको लेकीबरोबर रोज बागा बघून येत होती. इथला शिक्का तिच्याही पासपोर्टवर नव्हताच, पण तिला त्याचं काय! मी पडद्याआडून खाली बघत बसायचो. साधा पोस्टमन दिसला तरी मी बाथरूममध्ये!

चौथ्या दिवशी ठरवलं, पकडलं जाण्यापेक्षा शरण गेलेलं बरं. अर्ज लिहिला, इंग्रजीत, दोन प्रतींत. विषय: देशात विनाशिक्का प्रवेश केल्याबद्दल शरण येणेबाबत. जावई निर्दोष आहेत, हे खाली रेघ मारून लिहिलं. दोन फोटो जोडले. इमारतीखालीच पोलीस चौकी होती. तिथल्या साहेबांसमोर अर्ज ठेवला आणि बेड्यांसाठी दोन्ही हात पुढं केले.

साहेबांनी अर्ज वाचला. माझ्याकडं बघितलं. परत वाचला. मग हळूच म्हणाले, "अंकल, शिक्के आम्ही बंद केले. आता कुणालाच मारत नाही. परवानगी ई-मेलवर येते."

"कुणाच्या ई-मेलवर?"

"इथं येण्याआधी ऑनलाइन फॉर्म भरताना जो दिला असेल त्याच्यावर."

फॉर्म भरलेला जावयांनी. म्हणजे चार दिवस माझी सुटका त्यांच्या मोबाईलमध्ये झोपली होती!

मी हुश्श करून उठलो, तर साहेब म्हणाले, "थांबा. यात तुम्ही लिहिलंय, माझ्या पत्नीनं मला हाताला धरून सीमेच्या आत ओढलं. त्यांनाही बोलवावं लागेल. लेखी आहे ना!"

पोलिसांना भ्यालो नव्हतो एवढा मी आता बायकोला भ्यालो आणि बेड्यांसाठी परत दोन्ही हात पुढं केले.

जावई ऑफिस सोडून धावत आले, मागोमाग बायको. तिनं अर्ज जावयांकडून वाचून घेतला. वाचता वाचता जावई हसू आवरेना म्हणून भिंतीला टेकले.

"मला बी गोवलंत व्हय?" बायको कडाडली. "अय्यो! इतकी वर्सं संसार केला आन् हितं येऊन माजंच नाव पोलिसात?"

"अगं, अर्जात खरं तेच लिहावं लागतं."

"मग सायबाला म्हनावं, ह्यास्नी ठेवून घ्या हितंच! मला उद्या पाखरांची बाग बघायची हाय!"

जावयांनी हे इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी तोंडावर हात धरला आणि चौकशी संपली म्हणून सांगितलं.

तेव्हा तरी गपचूप निघावं की नाही? पण माझ्यातला क्लार्क उठला. "साहेब, ही दुसरी प्रत. पोच द्या. शिक्का मारून."

बिचाऱ्यांनी सगळे ड्रॉवर उघडून बघितले. आख्ख्या चौकीत शिक्का नाही! शेवटी, बालवाडीची मुलं चौकी बघायला आली की त्यांना वाटायचा एक गोल स्टिकर सापडला. तो त्यांनी माझ्या अर्जावर दाबून बसवला आणि शेजारी सही ठोकली.

पिवळा हसरा चेहरा, खाली इंग्रजीत लिहिलंय, "आज मी शहाण्यासारखा वागलो." बायकोला इंग्रजी वाचता येत नाही, पण एवढं वाक्य पाठ आहे. येईल त्याला म्हणून दाखवते, आणि दर वेळी त्यातल्या 'आज'वर नको तेवढा जोर देते!